अर्धं वाक्य, अकरा पिना

बाबांच्या उजव्या हातानं पहिल्याच ड्रेसिंगला उडी मारली आणि अंगठ्याजवळची नखाएवढी नवी कातडी चिमट्याबरोबर वर आली. त्या वेळी खोलीत चार माणसं होती. आई खुर्चीसकट आडवी झाली. डॉक्टरांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. सिस्टरनी पटकन ओला गॉज दाबून धरला. आणि बाबा, म्हणजे अख्ख्या लाँड्रीत ज्यांच्याइतका थंड डोक्याचा माणूस नाही असं सगळे सांगतात ते बाबा, आपल्या हाताकडे असे बघत बसले, जणू तो हात शेजाऱ्याचा आहे आणि न विचारता त्यांच्या मांडीवर येऊन बसलाय.

बाबा हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम करायचे. दोघांनी मिळून ओली चादर दोन टोकांना धरायची आणि गरम रोलरच्या तोंडात द्यायची, असं ते काम. बावीस वर्षं त्यांनी ते केलं, आणि बावीस वर्षांत एकदा चादर दुमडली, ती सोडवायला त्यांनी हात पुढे केला आणि रोलरनं चादरीबरोबर हातही ओढून घेतला. मागची बाजू पार गेली. मग मांडीची कातडी काढून हातावर बसवली आणि ती जागची हलू नये म्हणून कडेनं अकरा बारीक पिना मारल्या, कागदाला स्टेपलरनं मारतात तशाच.

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकावर बसवून सगळं नीट समजावलं होतं. नवी कातडी म्हणजे नुकता चिकटवलेला कागद. खालून रक्त मिळायला लागलं की ती आपली होते, पण तोवर सरकली तर गेली. एक तुकडा गेलाय, तेवढ्याचं चालेल. पुन्हा असा झटका बसला तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग मूठ वळेलच असं सांगता येत नाही. दर खेपेला भूलही देता येणार नाही. अर्धा तास आधी गोळी मिळेल, बाकी तुम्हीच हात स्थिर ठेवायचा. बाबा म्हणाले, मी ठेवतोच हो, तोच ऐकत नाही.

आई त्या खोलीत परत पाऊल ठेवणार नव्हती. तेव्हा एक दिवसाआड, शाळा सुटली की दप्तरासकट साडेचारला बाबांबरोबर जायचं काम पोरीकडे आलं. पोरीचं घरातलं नाव रेडिओ. ती चालायच्या आधी बोलायला लागली आणि तेव्हापासून बंद झालेली नाही, म्हणून बाबांनीच ते ठेवलं होतं. आता ती नववीत होती, वर्गात उभं राहून बोलताना पूर्वी पाय कापायचे ते कापेनासे झाले होते, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर आपलं काहीतरी मत आहे असं तिला नव्यानंच कळलं होतं.

ड्रेसिंगची खोली तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या शेवटाला. मध्ये हिरवा पडदा आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं. एका टेबलावर बाबा, दुसऱ्यावर पायाची जुनी जखम घेऊन येणारे पोस्टातले आजोबा. आजोबांनी चाळीस वर्षं घरोघर पत्रं टाकली होती आणि आता त्यांना कुणाचंही बोलणं अर्धवट ऐकायला आवडायचं नाही. खिडकीला दुधी काच, नळाखाली स्टीलचा ट्रे, भिंतीवर घड्याळ. सिस्टर बुटक्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, आणि आवाज असा भरदार की हळू बोलल्या तरी पडद्यापलीकडे स्पष्ट ऐकू यावं.

दुसऱ्या ड्रेसिंगला त्यांनी बाबांचं मनगट उशीवर ठेवलं आणि कात्री उचलता उचलता सहज बोलावं तसं बोलायला लागल्या.

"दादा, हाताकडे बघू नका. तिकडे खिडकीकडे बघा. काचा बसवणारी एक बाई होती. तिला एका रिकाम्या घराचं काम मिळालं. घराबाहेर उभं राहून तिनं खिडक्या मोजल्या, सहा भरल्या. सहा काचा घेऊन ती आत गेली, सहा खिडक्यांना सहा काचा बसवल्या, आणि वळून बघते तो आणखी एक खिडकी उघडी. वारा येतोय."

बाबांनी भुवया वर केल्या. एवढ्या मोठ्या माणसाला गोष्ट सांगताय, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणाले, "मग मोजायला चुकली असेल."

पडद्यामागून आजोबा म्हणाले की तो आरसा असणार, समोरची खिडकी त्यात दिसत असणार. सिस्टरनी विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे आरशातून वारा येतो का?"

ती बाई पुन्हा खाली गेली, पुन्हा मोजलं, सहाच. पुन्हा वर आली, सात. मग तिनं काय केलं, हातातला पुट्टीचा गोळा त्या सातव्या खिडकीतून बाहेर टाकला आणि कान देऊन उभी राहिली. पडल्याचा आवाज आला नाही. ती जिना उतरली, भिंतीभोवती फिरली, गवत चाचपलं. गोळा नाही. ती परत वर चढली, एकेक पायरी, आणि खोलीच्या दारात येते तर तिला दिसलं की...

सिस्टर थांबल्या. खोलीत नळाचं पाणी टपटपत होतं. रेडिओनं श्वास घेतला आणि सोडायचा राहिला. बाबांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती आणि डोळे दुधी काचेवर खिळलेले होते. कॉरिडॉरमधून कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता जरा बसून पाणी प्या."

कातडीवर चिकटलेली तेलकट जाळी, जिच्यापायी पहिल्या दिवशी एवढं रामायण झालं होतं, ती ट्रेमध्ये पडली होती. ती कधी निघाली ते रेडिओला कळलं नाही. ती हातभर अंतरावर उभी होती. तिचे दोन्ही डोळे उघडे होते. आणि बाबांना तर विचारूच नका, ते विचारत होते की दारातून तिला काय दिसलं. सिस्टर म्हणाल्या, ते परवा.

घरी येताना रेडिओ पहिल्यांदाच रस्ताभर काही बोलली नाही आणि बाबांना वाटलं पोरीला रक्त बघून मळमळतंय. तिला मळमळत नव्हतं. तिच्या डोक्यात भाषेच्या बाईंचा फळा उभा राहिला होता. मागच्याच महिन्यात बाईंनी कथेची तंत्रं शिकवली होती, पूर्वसूचना, उत्कंठा, उपकथानक, निवेदकाची दृष्टी, आणि "उत्कंठा म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा" या प्रश्नाला रेडिओला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. वाचकाच्या मनात पुढे काय होईल याची ओढ निर्माण करणे म्हणजे उत्कंठा. पाठ होतं. पण हे म्हणजे एखाद्यानं पान्ह्याचं चित्र काढून, नाव लिहून, रंग देऊन शाबासकी मिळवावी, आणि मग एक दिवस त्याच्यासमोर कुणीतरी त्याच पान्ह्यानं ट्रकचं चाक उघडावं, तसं झालं. उत्कंठेला हात धरून ठेवता येतो? खराखुरा हात, हाडामांसाचा, उड्या मारणारा?

तिसऱ्या ड्रेसिंगला तिनं ठरवलं की गोष्ट ऐकायचीच नाही, फक्त सिस्टरचे हात बघायचे. फार अवघड गेलं. कान इतके ओढ घ्यायचे की ती मनात सतराचा पाढा म्हणत राहिली. पण तिला दिसलं. बाहेरची पट्टी उलगडताना सिस्टर लांबण लावायच्या, जिना कसा, त्याचा कठडा कसा, वरची पायरी कशी करकरते. कापसाची गादी काढताना गोष्टीत नवं माणूस यायचं, त्या दिवशी घराचा मालक आला, कोटाला एकच बटण असलेला. मग आतला गॉज सलाइनच्या पाण्यात भिजत ठेवायचा, दहा मिनिटं, तेव्हा सिस्टर मूळ गोष्ट बाजूला ठेवून भलतीच सुरू करायच्या, त्या मालकाच्या चुलत्याची, जो आयुष्यभर एकाच खोलीत राहिला. दहा मिनिटं संपली की चुलता अचानक मूळ गोष्टीला येऊन मिळायचा. आणि जाळीची वेळ आली की वाक्यं आखूड व्हायची, अजून आखूड, आणि एक वाक्य मध्येच उभं राहायचं. वाक्य संपल्यावर त्या कधीच थांबायच्या नाहीत. वाक्य संपलं की माणूस श्वास सोडतो आणि श्वास सोडला की खांदा हलतो. वाक्याच्या पोटात थांबलं की माणूस श्वास धरतो, आणि त्या धरलेल्या श्वासात जाळी निघते.

रेडिओच्या अंगावर काटा आला. कुणीतरी हे शोधून काढलं असणार. आणि त्या कुणाचं नाव कुठल्याच पुस्तकात नसणार.

चौथ्या खेपेला खोलीत गेल्यावर सिस्टरनी बोलण्याऐवजी खिशातून एक वही काढली आणि दोघांसमोर धरली. स्वरतंतूंवर गाठ. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. डॉक्टरांची सक्त ताकीद.

बाबांचा चेहरा उतरला. उशीवर ठेवलेल्या हाताची बोटं आत्ताच थरथरायला लागली होती, अजून कात्रीसुद्धा लागली नव्हती. आजोबा पडद्यामागून म्हणाले की दुसऱ्या सिस्टरना बोलवा. सिस्टरनी मान हलवली. दुसऱ्या सिस्टर वरच्या मजल्यावर होत्या आणि त्यांना गोष्टबिष्ट काही येत नव्हती.

"मी सांगते," रेडिओ म्हणाली.

आत्मविश्वास नवा होता ना, तो असाच तोंडातून बाहेर पडतो. सिस्टरनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, बाबांच्या बोटांकडे बघितलं आणि कात्री उचलली.

सुरुवात झकास झाली. पट्टी सुटेपर्यंत रेडिओनं काचवालीला दुकानात नेऊन सातवी काच कापून घेतली. कापसाच्या गादीला पुन्हा मालक आणला. आजोबांनी पडद्यामागून हुंकार दिला आणि तिथंच घात झाला, कारण हुंकार मिळाला की रेडिओला पंख फुटतात. तिनं मालकाला लाँड्रीच्या मॅनेजरचा आवाज दिला. मॅनेजर नाकात बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर "कळलं का काय" म्हणायचे. तिचा मालक खिडकी मोजायला वाकला, कळलं का काय, आणि पँट मागून फाटली, कळलं का काय, आणि सातव्या खिडकीचा वारा नेमका तिथून आत शिरला.

बाबा हसले. आजारपणात पहिल्यांदाच, पोटातून, खांदे गदागदा हलवत हसले. आणि सिस्टरच्या चिमट्यात तेव्हा जाळीचं टोक होतं.

पुढच्या दोन मिनिटांत रेडिओचं सगळं आयुष्य पायाखालून निघून गेलं. सिस्टरनी गॉज दाबून धरला होता, कडेनं लाल पसरत होतं, बाबांनी दात आवळले होते आणि तरी तिच्याकडे बघून "काही नाही झालं गं, काही नाही" म्हणत होते, जे त्यांना माहीतच नव्हतं. मग सिस्टरनी गॉज हळूच उचलला. खाली वाकून बघितलं. बोटाच्या टोकानं कड दाबली. नवी कातडी जागेवर होती. फक्त कडेला जरासं सुटलं होतं. त्यांनी वहीवर लिहिलं ते रेडिओसाठी होतं.

हसू पट्टीला. जाळीला नाही.

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले तशी रेडिओ आत रडायला लागली. सिस्टरनी हात धुतले, पुसले, आणि तिच्यासमोर स्टूल ओढून वही मांडीवर घेतली. त्या भराभर लिहायच्या आणि वही फिरवून दाखवायच्या.

तू चांगलं सांगतेस. पण तू गोष्टीकडे बघत होतीस. माझे हात बघ. मी सुरू केलं की तू आखूड कर. मी थांबले की लांबव. गोष्ट हातामागून चालते.

रेडिओनं नाक पुसलं आणि विचारलं की परवा पिना काढायच्या आहेत, अकरा, मग तिला निदान शेवट तरी सांगा, सातव्या खिडकीतून काय दिसतं ते, म्हणजे ती बरोबर तिथं नेईल.

सिस्टरनी लिहिलं: मला माहीत नाही.

रेडिओनं ते दोनदा वाचलं.

जखम भरली की गोष्ट थांबते, सिस्टर लिहीत होत्या. एकोणीस वर्षं. शेवटापर्यंत एकही गेली नाही. लोक बरे होऊन घरी जातात.

एकोणीस वर्षं, आणि दिवसाला दहा-बारा माणसं. म्हणजे या बाईनं हजारो दारं उघडत आणली आणि प्रत्येक दाराच्या पलीकडे काहीच बांधून ठेवलेलं नव्हतं. फक्त दार होतं. तरी हात हलले नव्हते. रेडिओ त्या बुटक्या बाईकडे, तिच्या दोरीच्या चष्म्याकडे, साबणानं पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे अशी बघत राहिली की सिस्टरनी शेवटी तिला वहीनं टपली मारून बाहेर काढलं.

तिच्यात ते धाडस नव्हतं. तिनं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर शेवट लिहून काढला. सातव्या खिडकीखाली समुद्र. गोळा समुद्रात पडला म्हणून आवाज ऐकू आला नाही, इतका खोल आणि इतका लांब. तिला तो फार आवडला. मग ती सरावाला लागली. दोन दिवस घरात तिनं कुठलंच वाक्य पुरं केलं नाही. "आई, आज शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले की..." एवढं म्हणून ती थांबली आणि आई गॅससमोर चमचा हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. आईनं जे काही ऐकवलं ते ऐकवलंच. पण रेडिओ ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे बघत मनात मोजत होती: चार सेकंद. चांगली चार सेकंद.

पिनांच्या दिवशी डॉक्टर स्वतः दारात येऊन उभे राहिले. सिस्टरनी पिना काढायचा छोटा चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि रेडिओला हातानं जागा दाखवली, बाबांच्या डाव्या खांद्यामागे, जिथून बाबांना ती दिसणार नाही आणि तिला सिस्टरचे हात दिसतील. पट्टी सुटली तेव्हा तिनं काचवालीच्या पाठीवर काच बांधली, गोधडीत गुंडाळून. गादी निघाली तेव्हा मालक आला आणि तिथंच त्याच्या पँटचा उल्लेख एकदा करून टाकला, बाबा हसले, खांदे हलले, काही बिघडलं नाही. गॉज भिजत होता तेव्हा तिनं चुलत्याला बोलावलं. चुलता म्हणाला, ती खिडकी मीही बघितलीय, पण तिच्यातून खाली वाकून बघायचं धाडस मला सत्तर वर्षांत झालं नाही. हे तिनं आधी ठरवलं नव्हतं. ते कुठून आलं कोण जाणे. पडद्यामागे आजोबा चुकचुकले.

सिस्टरनी चिमटा उचलला.

रेडिओ आखूड झाली. बाई दारात आली. खोली रिकामी. सहा खिडक्यांत ऊन होतं. सातवीत मात्र... पहिली पीन ट्रेमध्ये टिंग करून पडली. सातवीत मात्र संध्याकाळ होती. बाईनं काच भिंतीला टेकवली. तिनं एक पाऊल टाकलं, आणि पायाखाली तिला... दुसरी. पायाखाली तिला पुट्टीचे ठसे लागले, कुणाच्या तरी बोटांचे, आणि ते तिचे...

अशी ती चालत गेली, एकेक पाऊल, एकेक पीन. आता तिला गोष्ट दिसत नव्हती. तिला फक्त सिस्टरची बोटं दिसत होती आणि त्या बोटांना आपल्या तोंडातून शब्द जातोय असं वाटत होतं. सिस्टरचं मनगट जरा उचललं की तिचं वाक्य जरा वळायचं. पाचव्या पिनेला सिस्टरना चिमट्याची पकड मिळेना तेव्हा तिनं कुणी न सांगता वारा वाहवला, पडदा नसलेल्या खिडकीत पडदा हलवला, लांबवलं, लांबवलं, आणि पकड बसल्याबरोबर तोडलं. तिला आठवलं की बाईंच्या फळ्यावर या सगळ्याला नावं होती, आणि ती सगळी नावं या क्षणी किती लांब, किती बारीक होती, विमानातून घरं दिसावीत तशी. ती आता त्या घरांच्या आत होती. बाबांची पाठ तिच्यासमोर होती, बावीस वर्षं चादरी ओढलेली रुंद पाठ, आणि ती पाठ तिच्या अर्ध्या वाक्यावर टेकून बसली होती. तिनं वाक्य सोडलं तर ती पाठ कोसळेल. नववीतल्या मुलीच्या तोंडात एवढी ताकद कुणी दिली?

दहा झाल्या.

अकरावी पीन अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खाचेत होती, पहिल्या दिवशी कातडी गेली होती त्या जागेच्या अगदी लगत. सिस्टरनी मान वर करून रेडिओकडे बघितलं. डॉक्टर दारातून एक पाऊल आत आले होते. पडद्यामागे आजोबांच्या टेबलाचं करकरणं थांबलं.

"बाईनं चौकटीला दोन्ही हात धरले," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही. "डोकं बाहेर काढलं. गोळा पडला होता तिथं, सरळ खाली, बघितलं. आणि खाली..."

कुणीही हललं नाही. चार सेकंद नव्हती ती. किती होती कोण जाणे. चिमटा खाचेत गेला, दाबला गेला, आणि बाबांचा हात उशीवर पडून राहिला, झोपलेल्या मांजरासारखा.

टिंग.

डॉक्टर पुढे आले, वाकले, हात दोन्ही बाजूंनी तिरका करून बघितला, आणि म्हणाले की धरली कातडी, सगळी धरली, उद्यापासून हळूहळू मूठ वळवायला लागा. सिस्टरनी बाबांची बोटं एकेक करून आत दुमडली. करंगळी आली, मधलं बोट आलं, अंगठा थोडा अलीकडेच अडला, पण आला. बाबांनी खाली बघितलं नाही. ते अजूनही दुधी काचेकडे बघत होते. रेडिओला वाटलं त्यांना दुखतंय. तिनं पुढे येऊन घाईघाईनं सांगायला तोंड उघडलं, की बाबा, खाली समुद्र...

"पोरगी होती," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"खाली. तूच नाही का म्हणालीस, सरळ खाली बघितलं." ते काचेवरून नजर न काढता बोलत होते, जपून, डोळ्यांसमोरचं पुसलं जाऊ नये अशा बेतानं. "खाली अंगण होतं. छोटंसं, फरशीचं. पाच-सहा वर्षांची असेल. उकिडवी बसलीय. तो गोळा तिच्या हातात पडला, म्हणून आवाज नाही आला."

रेडिओनं तोंड मिटलं. बाबांनी आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नव्हती. झोपताना तिनं हट्ट केला की ते म्हणायचे, तुझ्या आईला विचार, माझ्याकडे गोष्टी नसतात. आणि हे तिनं सांगितलेलंही नव्हतं. तिच्या वहीत ती मुलगी नव्हती, अंगण नव्हतं, फरशी नव्हती. तिनं फक्त खाली म्हटलं होतं आणि थांबली होती.

"काहीतरीच," पडद्यामागून आजोबा म्हणाले. "विहीर होती. मी बघितली की. काठावर दोर पडलेला."

सिस्टरनी ओठ दाबून मान हलवली. त्यांनाही काहीतरी वेगळंच दिसलं होतं आणि बोलायची बंदी होती. डॉक्टर दारातच रेंगाळले होते. एका शब्दाखाली एवढं सगळं मावलं होतं, आणि रेडिओनं त्यातलं काहीच ठेवलेलं नव्हतं. तिला एकदम चक्कर आल्यासारखं झालं, उंच जागेवरून खाली वाकल्यावर येते तशी, आणि तिनं टेबलाची कड धरली. समुद्राचं नाव तिनं काढलं नाही.

"ती काय करतीय, बाबा?"

बाबा जरा विचारात पडले. उघडा हात उशीवर तसाच होता, गुलाबी, अनोळखी, सलाइनच्या पाण्यानं ओला.

"पक्षी करतीय त्या गोळ्याचा. पंख झालेत." त्यांनी डोळे बारीक केले. "थांब जरा. चोच जमत नाहीये तिला."

सिस्टर नवी पट्टी उलगडून हातात धरून उभ्या होत्या. गुंडाळायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.